मसुदा मान्य, रवाना करावा

फेरसादरकाकांना फसवेल असा माणूस अजून जन्माला यायचाय, असं खुद्द फेरसादरकाकाच सांगत असत. ते ऐकून ऐकून इमारतीतल्या लोकांचाही त्यावर विश्वास बसला होता. त्यामुळे पुढे जे झालं ते फसवणूक या सदरात घालायचं की नाही, यावर अजूनही जिन्यात चर्चा चालते. काकांचं म्हणणं एकच असतं. त्यांना कोणीही फसवलेलं नाही, त्यांनी फक्त एक मसुदा मंजूर केला.

काका पाणीपुरवठा कचेरीत मसुदा विभागाचे प्रमुख होते. कचेरीतून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या टेबलावर यायचं आणि लाल शाईत न्हाऊन, कोपऱ्यात 'सुधारून फेरसादर करावे' असा शेरा घेऊन परत जायचं. एखाद्या वस्तीला उद्या पाणी येणार नाही हे कळवणारं पत्र इतक्या वेळा फेरसादर व्हायचं, की ते सुटेपर्यंत वस्तीला पाणी येऊन पुन्हा गेलेलंही असायचं. पण पत्र असं सुटायचं की नुसतं वाचून तहान भागावी. काका निवृत्त झाले तेव्हा कचेरीने त्यांना शाल दिली नाही, घड्याळ दिलं नाही, लाल पेनांचा एक अख्खा खोका दिला. सूड उगवायची ती एक सभ्य पद्धत होती, पण काकांना ती आयुष्यातली सर्वांत हृद्य भेट वाटली.

मग लाल पेन घरात आलं. काकूंनी दारावर 'किल्ली नेहमीच्या जागी' अशी चिठ्ठी लावली, तर काका तिच्याखाली 'नेहमीची म्हणजे कोणती? स्पष्ट नमूद करावे' असं लिहायचे, आणि काकू बाहेर असल्या तर स्वतःच नमूद करून टाकायचे. चोरांना आमच्याइतकी सोय दुसऱ्या कुठल्या घरात नसेल, असं काकू म्हणत.

त्यांची एकुलती एक लेक नोकरीपायी लांब राहायची. ती दर आठवड्याला मेल लिहायची, चांगली लांबलचक. नवीन घर, शेजारीण, करपलेलं जेवण, साहेबाचा खवटपणा, सगळं त्यात असायचं. घरात मेलची पेटी एकच होती, नवरा-बायकोची मिळून. दुपारी भांडी आवरली की काकू संगणकासमोर बसायच्या आणि जुनी पत्रं पुन्हा पहिल्यापासून वाचायच्या. लेकीने ती सगळी आधीच्या कंपनीच्या पत्त्यावरून लिहिलेली होती. ती नोकरी सुटली तसा तो पत्ताही बंद झाला, म्हणजे आता ती पत्रं जगात या एका पेटीतच उरली होती. काकूही पत्रं वाचायच्या आणि काकाही वाचायचे. काकू वाचून डोळे पुसायच्या, आणि काका वाचून उत्तर पाठवायचे: 'पत्र मिळाले. दुसऱ्या परिच्छेदात हवामान व तब्येत हे विषय एकत्र आले आहेत, ते वेगळे करावेत. शेवट घाईचा वाटतो.' अलीकडे लेकीची पत्रं आखूड होत चालली होती. तिच्या लिखाणात नेमकेपणा येतोय, असं काकांना वाटत होतं.

अशात एके सकाळी पेटीत ती मेल आली.

'तुमची पेटी आज बंद होणार!!! सगळं उडणार!!! वाचवायचं असेल तर लगेच खाली दाबा. सुरक्षा विभाग.'

काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं. "अहो, सगळं उडणार म्हणतायत! तिची पत्रं आहेत त्यात."

काका खुर्चीत मागे रेलले आणि हसले. वर्षानुवर्षं वाईट मसुदे बघितलेल्या माणसाचं ते हसू होतं. "अगं, हे खोटं आहे. बघ की नीट. विषय नाही, संदर्भ नाही, 'कळावे' नाही, आणि धमकी कुठे? पहिल्या ओळीत! धमकी नेहमी शेवटच्या परिच्छेदात असते, तीही 'नाइलाजास्तव' म्हणून. खरं पत्र कसं ओळखायचं ते लक्षात ठेव. ज्याला आपल्याशी खरंच काम असतं तो आधी नमस्कार करतो."

काकूंनी ते लक्षात ठेवलं. ही गोष्ट वाचकांनीही लक्षात ठेवावी, कारण काका ती विसरणार आहेत.

वरच्या मजल्यावरचे ड्रिलमास्तर तेवढ्यात वर्तमानपत्र मागायला आले होते. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेला तो माणूस जगातल्या कुठल्याही अडचणीला एकच उपाय सुचवायचा. "बटण बंद! दहा श्वास! बटण चालू!" ते गरजले. तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानाचे मालक, ज्यांना सगळे मेडिकलवाले म्हणत, त्यांचं मत जास्त गंभीर होतं. असली मेल एकदा उघडली की संगणकाला जी बाधा होते ती जात नाही, त्यांच्या मेहुण्याने शेवटी संगणक देऊन टाकला आणि आता तो सुखात आहे. काकू म्हणाल्या, "मला वाटतं, काढून टाका ती मेल आणि विसरा." हा एकच सल्ला कामाचा होता, आणि तो बायकोने दिलेला असल्यामुळे त्याचा विचार झाला नाही.

"आलेलं पत्र निकाली न काढता टाकून द्यायचं?" काका म्हणाले. "मग जनावरांत आणि आपल्यात फरक काय राहिला? मी रीतसर तक्रार करतो."

मेलची पेटी ज्या कंपनीची होती तिच्या ग्राहक सेवेला काकांनी पत्र लिहिलं. कंपनीच्या नावाने कोणीतरी संशयास्पद मेल पाठवत आहे, सोबत नक्कल जोडली आहे, योग्य ती चौकशी होऊन कळवण्यात यावं, असा तो मजकूर होता. 'पाठवा' दाबून काका चष्मा पुसेपर्यंत उत्तर हजर.

'नमस्कार!! तुमचा संदेश वाचून खूप आनंद झाला! पासवर्ड विसरलात का? काळजी नको, खालचं बटण दाबा. तुमचीच, सखी. ग्राहक आनंद विभाग.'

काकू खांद्यावरून वाचत होत्या. "ही सखी कोण?"

"मला काय माहीत?"

"तुमचीच म्हणतेय."

काकांनी घसा खाकरला आणि सखीला कळवलं की, पासवर्ड विसरलेला नाही, विषय वेगळा आहे, आणि विवाहित ग्राहकाला लिहिताना 'तुमचीच' हा शब्द टाळावा. त्यावर सखीचं उत्तर आलं की तुमची अडचण दूर झाली हे वाचून तिला खूप आनंद झाला, आता ताऱ्यांवर बोट ठेवून सेवा कशी वाटली ते सांगा. काकांनी रागारागाने एकच तारा दिला. सखीला त्याचाही आनंद झाला.

"या बाईला दुःख कशाचं होतं ते एकदा कळलं पाहिजे," काका पुटपुटले.

मग त्यांनी फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकल्यावर एक पुरुष बोलायला आला. "सर, तुमची अडचण मी समजू शकतो."

"अजून मी ती सांगितलेलीच नाही."

"हो सर, समजू शकतो."

काकांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. पलीकडचा माणूस मधेमधे 'अगदी बरोबर' म्हणत होता. काकांना वाटलं, चला, कोणीतरी ऐकतंय. शेवटी तो म्हणाला, "सर, तुम्ही ती संशयास्पद मेल आमच्या तपास विभागाला पाठवा, पत्ता लिहून घ्या." काकांनी पत्ता लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला, मेल जोडली, वर मुद्देसूद पत्र लिहिलं आणि पाठवलं. क्षणात ती परत आली. वर लिहिलं होतं: 'तुमचा संदेश संशयास्पद वाटल्यामुळे स्वीकारलेला नाही.'

संशयास्पद मेलची तक्रार संशयास्पद मेल जोडल्यामुळे संशयास्पद ठरली होती. यात तर्क नव्हता असं म्हणता येणार नाही. काकांना मात्र भलतीच गोष्ट लागली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचे मसुदे परत पाठवले होते, त्यांचा मसुदा कोणी परत पाठवला नव्हता. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि काकूंनी ती संधी साधून निवांत जेवण केलं.

दुपारी काकू डुलकी काढत असताना काका पुन्हा संगणकासमोर बसले. समोर तीच मेल होती, तीन-तीन उद्गारचिन्हांची, उघडीबोडकी. काकांना ती बघवेना. एखाद्या गवयाला शेजारचा बेसूर माणूस सहन होत नाही तसं त्यांचं झालं. हात आपोआप पुढे गेला आणि त्यांनी 'उत्तर द्या' दाबलं.

'मसुदा परत,' त्यांनी लिहिलं. 'सुरुवात आदरपूर्वक करावी. पेटी का बंद होत आहे याचे कारण दिलेले नाही. माणसाचे काही बंद करायचे तर कारण कळण्याचा त्याला हक्क आहे. धमकी शेवटी घ्यावी. सुधारून फेरसादर करावे.'

लिहून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. ते उठणार, तोच उत्तर आलं.

'सॉरी सर. आता बघा ना.' आणि खाली दुसरा मसुदा.

काका बघतच राहिले. ग्राहक सेवा त्यांचं एक वाक्य वाचायला तयार नव्हती, आणि या भामट्याने प्रत्येक शेरा वाचला होता. सुरुवातीला 'मान्यवर ग्राहक' आलं होतं. कारण आलं होतं, जरा लंगडं होतं, पण आलं होतं. धमकी खाली सरकली होती. कचेरीत ज्यांना पगार मिळायचा त्या लोकांनीसुद्धा इतक्या तत्परतेने कधी फेरसादर केलं नव्हतं.

काकांनी बाह्या सरसावल्या. 'प्रगती आहे,' त्यांनी लिहिलं. 'परंतु घाई फार दिसते. वाचणारा घाबरला की दार लावून घेतो. विश्वास वाटला की स्वतः उघडतो. तसदीबद्दल दिलगिरी व्यक्त करावी. फेरसादर.'

तिसरा मसुदा आला. दिलगिरी होती, पण फाजील होती. काकांनी ती छाटली. सबंध दुपार पत्रं जात-येत राहिली. आपण कोणाला काय शिकवतोय हे काकांच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. एकदा आलं होतं. पण त्यांनी मनाशी असा निवाडा केला, की ज्याला नीट पत्र लिहिता येतं तो माणूस फार दिवस वाईट राहू शकत नाही, आणि न जाणो, या वळणाने तो कुठल्यातरी कचेरीत चिकटून जाईल. शेवटचा मसुदा आला तेव्हा काकांनी तो दोनदा वाचला. एकही शब्द हलवण्यासारखा नव्हता. त्यांचे डोळे पाणावले. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांना वाटलं की आपण अजून कामाचे आहोत.

आणि मग आयुष्यभराच्या सवयीने बोटांनी जे टंकायचं ते टंकलं: 'मसुदा मान्य. रवाना करावा.'

तो रवाना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीतल्या प्रत्येक पेटीत. काकांच्या तक्रारीच्या नकला काकांनी माहितीसाठी सगळ्या शेजाऱ्यांना पाठवल्या होत्या, आणि त्या नकलेवरचे सगळ्यांचे पत्ते शेऱ्यांबरोबर त्या भामट्याकडेही गेले होते. कुठलंही पत्र नक्कल न जोडता पाठवायचं नाही, हा काकांचा जुना नियम होता.

काका चहाचा पहिला घोट घेत होते, तोच ड्रिलमास्तर जिना उतरून आत आले. हातात फोन होता, छाती पुढे होती. "काका, अभिनंदन! तुमच्या तक्रारीने कंपनी सुधारली. काय पत्र आलंय! वाचून ऊर भरून आला." आणि त्यांनी कवायतीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली. "'आपणास होणाऱ्या तसदीची विभागास जाणीव असून, आपला विश्वास हीच आमची ठेव होय.' ठेव होय, काका! अशी भाषा आता कोण लिहितं?"

काकांनी कप खाली ठेवला. ते वाक्य त्यांचं होतं. 'होय' मागाहून त्यांनीच घातला होता.

"मास्तर, तुम्ही खाली दाबलंत का?"

"दाबलं म्हणजे? असं पत्र आल्यावर न दाबणं हा उद्धटपणा झाला. पासवर्ड लिहिला, दाबलं, पुढे चाल!"

पाठोपाठ मेडिकलवाले आले. ते वैतागलेले होते. त्यांनाही पत्र आवडलं होतं, त्यांनीही दाबलं होतं, पण स्वतःचा पासवर्डच त्यांना आठवेना. दुकानातल्या संगणकावर त्यांची पेटी कायम उघडीच असायची, त्यामुळे तो कधी लागलाच नव्हता. पाच-सहा चुकीचे पासवर्ड टाकल्यावर भामट्याच्या यंत्रणेने कंटाळून त्यांना ग्राहक सेवेशी संपर्क साधायला सांगितलं होतं.

काकांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. काकू संगणकासमोरून उठून येत होत्या, चेहऱ्यावर समाधान होतं.

"अगं, तू काही दाबलं नाहीस ना?"

"दाबलं की. मघाशीच."

"तुला सांगितलं होतं मी, ते खोटं आहे म्हणून!"

"ते पहिलं खोटं," काकू शांतपणे म्हणाल्या. "त्यात विषय नव्हता, कळावे नव्हतं, धमकी वर होती. यात सगळं होतं. आधी नमस्कार केला होता. खरं पत्र कसं ओळखायचं ते तुम्हीच तर शिकवलंत."

काकांनी जाऊन पेटी उघडून पाहिली. पासवर्ड चुकीचा आहे, असं ती म्हणाली. पुन्हा टाकला. पुन्हा तेच. काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. ड्रिलमास्तर आणि मेडिकलवाले दारात एकमेकांकडे बघत होते, आणि त्यांच्यापैकी कोणालाही सल्ला सुचत नव्हता, यावरून प्रसंगाचं गांभीर्य कळावं.

"गेली का हो सगळी?" काकूंनी विचारलं. आवाज इतका बारीक होता की काकांना तो ओळखू आला नाही. काकूंनी दहा वेळा ऐकवलं असतं तरी चाललं असतं, पण त्या एका प्रश्नापुढे काकांना काही लपवता येईना. ते खुर्चीत बसले आणि काय झालं ते त्यांनी सांगून टाकलं. शेरे, फेरसादर, दिलगिरी, रवाना, सगळं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "त्या चोराला तुम्ही एक अख्खी दुपार दिलीत." एवढंच. आणि आत जाऊन त्यांनी आधीच घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली.

काकांनी ग्राहक सेवेला फोन लावला. बासरी तीच होती.

"सर, काही चिंता करू नका. पेटी परत मिळवण्यासाठी आम्ही तुम्हाला एक आकडा पाठवतो."

"कुठे पाठवता?"

"तुमच्या पेटीत, सर."

"ती पेटीच तर गेलीय!"

"समजू शकतो, सर. मग असं करा, तुमच्या पेटीतून आम्हाला एक मेल करा, की पेटी गेली आहे म्हणून."

काकांनी फोन खाली ठेवला. इतका वेळ त्यांना वाटत होतं की एका बाजूला कंपनी आहे आणि दुसऱ्या बाजूला चोर. आता त्यांना दिसलं की ज्याच्याशी बोलता येईल असा माणूस सगळ्या जगात एकच आहे, आणि तो चोर आहे.

सगळी वरात मेडिकलवाल्यांच्या दुकानात गेली. तिथली पेटी शाबूत होती आणि चोराला उत्तर द्यायला त्याचं पत्रही तिच्यात होतं. खोकल्याच्या बाटल्या बाजूला सारून काका गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले, आणि काकू त्यांच्या उजव्या हाताला उभ्या राहिल्या. काकांनी सुरुवात केली: 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणास कळविण्यात येते की...'

"फेरसादर," काकू म्हणाल्या.

काकांनी वर पाहिलं. काकू गंमत करत नव्हत्या. त्यांनी ते खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा त्यात कायदेशीर कारवाई आली.

"धमकी? ज्याच्या हातात सगळं आहे त्याला? फेरसादर."

तिसऱ्यांदा काकांनी विनंती केली, पण तिच्यात 'सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' असं आलं. काकूंनी नुसती मान हलवली. पुढे औषध घ्यायला आलेली माणसं थांबली होती. एका बाईला पोटदुखीची गोळी हवी होती, पण आता तिला पोटापेक्षा मसुद्यात जास्त रस होता. "साधं लिहा ना," ती म्हणाली. मेडिकलवाल्यांनीही मान डोलावली. ज्यांनी लोकांच्या पत्रांवर जन्म काढला त्या काकांवर आज दुकानभर माणसं शेरे मारत होती, आणि सगळ्यांचे शेरे बरोबर होते. काकांनी तेही खोडलं. मग त्यांनी लिहिलं:

'आमच्या मुलीची पत्रं त्या पेटीत आहेत. दुसरीकडे कुठे नाहीत. माझी बायको रोज दुपारी ती वाचते. तेवढी परत दे. मी चुकलो.'

नमस्कार नव्हता, विषय नव्हता, कळावे नव्हतं. काकूंनी ते वाचलं, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मान्य," त्या म्हणाल्या. "रवाना करा."

उत्तर यायला या वेळी पहिल्यांदाच वेळ लागला. पोटदुखीवाली बाई गोळी घेऊनही जाईना. ड्रिलमास्तरांनी सगळ्यांना दहा श्वास घ्यायला लावले. शेवटी मेल आली, आणि ती अशी होती की काकांना लाल पेन काढण्याची इच्छा झाली नाही.

'मान्यवर सर, विभागास आपले पत्र मिळाले. नवीन पासवर्ड खाली दिला आहे, तो लगेच बदलावा. आपल्या पेटीत घेण्यासारखे काही आढळले नाही. वरच्या मजल्यावरील साहेबांचीही पेटी परत करत आहे, त्यातील विनोद सहन होत नाहीत. ताईंच्या पत्रांवरचे आपले शेरे वाचले. माझ्याशी आपण त्यापेक्षा बरे वागलात. कळावे.'

ड्रिलमास्तरांनी विनोदांबद्दलचं वाक्य मोठ्याने वाचलं आणि ते हिरमुसले. रोज सकाळी ते साऱ्या इमारतीला विनोद पाठवायचे. काकांचे डोळे मात्र 'कळावे'च्या आधीच्या वाक्यावर खिळले होते. चोराने तोंडात मारल्यासारखं झालं.

घरी आल्यावर काकांनी पासवर्ड बदलला आणि काकूंना खुर्ची दिली. पत्रं होती, सगळी जागच्या जागी. काकूंच्या जिवात जीव आला. मग काकांनी दुसरी खुर्ची ओढली आणि त्या दुपारी दोघांनी मिळून पत्रं पहिल्यापासून वाचली. काकूंना ती जवळजवळ पाठ होती. काका मात्र ती पहिल्यांदाच वाचत होते, कारण आजवर त्यांनी ती नुसती तपासली होती. प्रत्येक पत्राखाली त्यांचं उत्तर होतं. एका पत्रात लेकीने ताप आल्याचं लिहिलं होतं, आणि खाली काकांनी कळवलं होतं की तारीख घालायची राहिली आहे. ते वाचून काकांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते उठून पाणी पिऊन आले.

संध्याकाळी त्यांनी लेकीला पत्र लिहिलं. 'तू कशी आहेस? एकटीला कंटाळा येत असेल. खिडकीतून काय दिसतं ते पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. मी तेव्हा स्वल्पविराम मोजत बसलो. अजून तेच दिसतं का? आठवण येते. बाबा.' पुन्हा न वाचता त्यांनी ते पाठवलं. आयुष्यात न तपासता सुटलेलं त्यांचं हे पहिलं पत्र.

चहाचं आधण उकळायच्या आत फोन वाजला. काकूंनी उचलला. पलीकडून लेकीचा घाबरलेला आवाज अख्ख्या खोलीत ऐकू येत होता.

"आई, बाबांच्या पेटीत कोणीतरी शिरलंय! काही उघडू नका, काही दाबू नका!"

"कशावरून गं?"

"अगं, मला मेल आलीय बाबांच्या नावाने. 'तू कशी आहेस' विचारलंय! आठवण येते म्हणे! बाबा असं लिहितील का कधी? मी लगेच ग्राहक सेवेला तक्रार केली. ही मेल बनावट आहे, पेटी ताबडतोब बंद करून टाका म्हणून."

इतकं करून मिळालेली पत्रं आता लेकीच्याच हाताने जाणार होती. काकांनी फोन जवळजवळ हिसकावला. "मग? काय म्हणाले ते? बंद केली?"

"काय म्हणणार, बाबा? कोणी सखी आहे. तिला खूप आनंद झाला आणि पासवर्ड विसरलात का म्हणून विचारलं."

काका खुर्चीत बसले. त्या बाईबद्दल त्यांच्या मनात जे काही होतं नव्हतं ते सगळं विरघळून गेलं. तिने जर एकदा, फक्त एकदा, आपलं काम केलं असतं, तर सगळं संपलं होतं. समोर पडद्यावर तिचे उरलेले चार रिकामे तारे अजून वाट बघत होते. काकांनी तेही भरून टाकले.

"बाबा? ऐकताय ना? पासवर्ड बदला आधी."

"ती मेल," काका म्हणाले आणि अडखळले. "ती मीच लिहिलीय."

काका फोन कानाला घट्ट लावून बसले होते. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"बाबा."

"हं."

"मजकूर फार तोकडा आहे," लेक म्हणाली. आवाज कापत होता, पण त्यात हसू होतं. "सविस्तर लिहून फेरसादर करा."

काकांनी फोन काकूंकडे दिला. खिशातलं लाल पेन काढून तेही त्यांच्याच हातात दिलं, खुर्ची पुढे ओढली आणि लिहायला बसले.